हृदयस्नायूतील सोडियम चॅनेल

हृदयाच्या स्नायुपेशीच्या पटलात बसलेले, पटलावरचा विद्युतदाब बदलताच उघडणारे आणि उघडल्यावर जेमतेम मिलिसेकंदभरात आपणहून निष्क्रिय होणारे प्रथिन म्हणजे सोडियम चॅनेल. ठोक्याचा पहिला इशारा साइनस गाठीत, म्हणजे हृदयाचा ठेका ठरवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यात, उमटतो; तिथे मुख्य काम कॅल्शियमचे असते. अलिंदे (वरचे कप्पे), इशारा वाहून नेणारे पर्किन्ये तंतू आणि निलये (खालचे कप्पे) यांतून तो वेगाने पसरतो तो मात्र सोडियममुळे. कार्डिओग्रामच्या पट्टीवरचा टोकदार उंचवटा, म्हणजे क्यूआरएस, हा निलयांतल्या अशा असंख्य चॅनेलांच्या जवळजवळ एकाच वेळी उघडण्याचा ठसा होय.

चॅनेल ‘उघडे’ किंवा ‘बंद’ असते असे सांगून बरेच वर्णन आटोपते. पण त्याच्या अवस्था तीन आहेत: बंद, उघडे आणि निष्क्रिय. बंद चॅनेल इशारा मिळताच उघडते. निष्क्रिय चॅनेल कितीही जोराचा इशारा आला तरी उघडत नाही. हृदयाची सुरक्षितता मुख्यतः या तिसऱ्या अवस्थेवर उभी आहे.

हा भेद प्रथम चेतातंतूत स्पष्ट झाला. ससून डॉकवर उतरणाऱ्या माकूल माशाच्या कुळातल्याच एका अटलांटिक जातीचा जाडजूड चेतातंतू घेऊन हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये उघडण्याचे आणि निष्क्रिय होण्याचे गणित वेगवेगळे मांडले. वाइडमन या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये हृदयाच्या पर्किन्ये तंतूंत दाखवले की ठोक्याआधी पटलाची आतली बाजू जितकी कमी ऋण, तितका सोडियमचा लोंढा दुबळा.

हृदयातल्या या चॅनेलचे नाव नॅव्ह १.५, आणि त्याचे जनुक एससीएन५ए, तिसऱ्या गुणसूत्रावर. सुमारे २,००० ॲमिनो आम्लांची एकच लांब साखळी चार विभागांत दुमडलेली असते आणि प्रत्येक विभागात पटल ओलांडणारे सहा सर्पिल दांडे असतात. त्यातला चौथा दांडा धनभारित. विश्रांतीत पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण -८५ ते -९० मिलिव्होल्ट असते, त्यामुळे हा दांडा आत खेचलेला राहतो. शेजारच्या पेशीकडून लाट आली, ऋणता घटली, की तो बाहेरच्या दिशेने सरकतो. पहिल्या तीन विभागांचे दांडे सरकले की मधले छिद्र उघडते, बाहेर मुबलक असलेले सोडियम आत धावते आणि पेशीची आतली बाजू एक-दोन मिलिसेकंदांत धन होते.

चौथ्या विभागाचा दांडा मात्र जरा मागे रेंगाळतो. तो हलला की तिसऱ्या आणि चौथ्या विभागांना जोडणारा आतल्या अंगाचा दुवा जागेवरून सुटतो. या दुव्यावर आयसोल्युसिन, फेनिलॲलॅनिन आणि मेथिओनिन ही तीन ॲमिनो आम्ले ओळीने बसलेली असतात. ती बुचासारखी थेट छिद्रात अडकतात असे बरीच वर्षे मानले जात होते. अलीकडे चॅनेलांची रचना अणूंच्या पातळीवर पाहता आली; २०२० मध्ये उंदराच्या हृदयातल्या चॅनेलचीही मिळाली. त्यावरून दिसते ते असे, की हे त्रिकूट छिद्राशेजारच्या खोबणीत पाचरीसारखे घुसते आणि त्या रेट्याने छिद्र मिटते. उघडण्याच्या हालचालीतच निष्क्रिय होण्याची सोय गुंफलेली आहे, ही या प्रथिनाची सर्वांत विलक्षण गोष्ट.

पाचर निघायला पटल पुन्हा पुरेसे ऋण व्हावे लागते. निलयाच्या पेशीत कॅल्शियमचा प्रवाह ते २०० ते ३०० मिलिसेकंद होऊ देत नाही. तेवढा वेळ बहुतेक सोडियम चॅनेल निष्क्रिय राहतात आणि नवी लाट शिरू शकत नाही. म्हणूनच पोटरीत गोळा येतो तसा हृदयात येत नाही: दोन ठोक्यांमध्ये ते सैल पडतेच, आणि तेव्हाच त्यात रक्त भरते.

रक्तातले पोटॅशियम वाढले तर हाच नियम जिवावर उठतो. पटलाची ऋणता आधीच घटलेली असल्याने कितीतरी चॅनेल न उघडताच निष्क्रिय होऊन बसतात, लाट रेंगाळते, क्यूआरएस रुंदावतो. मुंबईत धो धो पावसात लोकल बंद पडून मूत्रपिंडाच्या रुग्णाची डायलिसिसची पाळी चुकली, तर डॉक्टर आधी कार्डिओग्राम काढतात तो यासाठी. परळच्या रुग्णालयांबाहेर नातेवाईक मायेने शहाळे घेतात. पण त्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून अशा रुग्णाला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. बायपासच्या शस्त्रक्रियेत पोटॅशियमयुक्त द्रावण देऊन हृदय मुद्दाम थांबवतात, त्यामागेही हीच क्रिया असते.

उलट बिघाड बचनाग या विषारी वनस्पतीने होतो. त्यातले ॲकोनिटिन चॅनेलला चिकटते. मग ते नको त्या विद्युतदाबाला उघडते आणि नीट निष्क्रिय होत नाही. ठोके बेताल होऊन मृत्यू ओढवू शकतो. आयुर्वेदात बचनाग शोधनाशिवाय, म्हणजे शुद्ध करून घेतल्याशिवाय, वापरत नाहीत. उकळण्याने ॲकोनिटिनचे विघटन होऊन विषारीपणा बराच उतरतो. कच्चे मूळ घरगुती उपाय म्हणून कधीही घेऊ नये.

एससीएन५एमधील जन्मजात दोषही दोन्ही बाजूंचे असतात. पाचर नीट बसली नाही तर सोडियम थोडे थोडे झिरपत राहते आणि क्यूटी, म्हणजे कार्डिओग्रामवर निलये उत्तेजित होऊन पूर्ववत होईपर्यंतचा काळ, लांबतो. दीर्घ क्यूटी विकाराच्या या तिसऱ्या प्रकारात झटके बहुधा विश्रांतीत किंवा झोपेत येतात. प्रवाहच कमी पडला तर ब्रुगाडा हा ठोके बेताल करणारा विकार संभवतो. १९९२ मध्ये वर्णन झालेल्या या विकाराच्या सगळ्याच रुग्णांत हे जनुक सदोष आढळत नाही. तापात त्याची लक्षणे उफाळतात, त्यामुळे अशा व्यक्तीचा ताप अंगावर न काढता लगेच उतरवावा लागतो.

दातांचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात ते लिग्नोकेन हृदयाचे बेताल ठोके आवरायलाही कामी येते. ते उघड्या आणि निष्क्रिय चॅनेलांना अधिक घट्ट धरते, बंद चॅनेलांना फारसे नाही. हार्ट अटॅकमध्ये रक्त न मिळालेल्या भागातल्या पेशींची ऋणता घटते आणि तिथली बरीच चॅनेल निष्क्रिय असतात. त्यामुळे या औषधाचा जोर निरोगी स्नायूपेक्षा त्या आजारी भागावरच जास्त पडतो.