झाड वरून अर्धं का कापून देत नाही?

वळवाचा पहिला पाऊस झाला की फोन सुरू होतात : "गुलमोहर फार वाढलाय, वरून अर्धा करून द्या." सोसायटीची काळजी खरी असते, खाली गाड्या उभ्या असतात, मुलं खेळतात. तरीही झाड बोडकं करायचं काम आम्ही घेत नाही.

जाड फांदी मधूनच तोडली की खुंटाच्या टोकाला झुबक्याने सरळसोट फुटवे येतात. हिरवंगार दिसतं, म्हणून झाड सावरलं असं वाटतं. पण हे फुटवे सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून आलेले असतात, जुन्या लाकडात त्यांची पकड नसते. काही वर्षांत झाड होतं तेवढंच उंच होतं, आणि तोवर आतून खुंट कुजायला लागलेला असतो. मग वादळात पहिल्या मोडतात त्या याच फांद्या.

अमेरिकी वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी चेनसॉने हजारो झाडं चिरून पाहिली. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. कुजका भाग झाड आतल्या आत कोंडतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणून काप कुठे घेतला यालाच सगळं महत्त्व. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा फुगीर कडा दिसतो. काप त्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. कडा छिलायचा नाही, खुंटही ठेवायचा नाही. जड फांदीला आधी खालून खाच, मग थोडं पुढे वरून काप, आणि शेवटी कड्याजवळ. नाहीतर पडता पडता ती खोडाची साल सोलत नेते. कापावर ऑइलपेंट किंवा डांबर कृपया लावू नका. आंब्याला तेवढी आम्ही बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावतो.

उंची कमी करताच येत नाही असं नाही. शेंडा एखाद्या उपफांदीपर्यंत मागे घेतो. ती उपफांदी कापलेल्या भागाच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढतो. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पालवी काढत नाही. यासाठी माणूस दोर-हार्नेस लावून एकेका फांदीपर्यंत जातो, त्यामुळे आमचा दर कुऱ्हाडवाल्यापेक्षा जास्त पडतो. पण अशी छाटणी दरवर्षी करावी लागत नाही.

आंब्याची छाटणी फळं उतरल्यावर लगेच करा. दिवाळीच्या सुमारास कापलात तर मोहोर गेला. नारळाचा शेंडा मात्र कधीच नाही, त्याला वाढीचा कोंब एकच असतो.

झाड तुमच्या आवारातलं असलं, तरी महापालिका आणि नगरपालिका हद्दीत 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो. झाडाला इजा करणं हेही त्यात तोडण्यातच धरलं आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं आणि त्याहून जुनी झाडं हेरिटेज वृक्ष मानली जातात. अर्ज मालकाच्या किंवा सोसायटीच्या सहीने जातो, कागद आम्ही तयार करून देतो. परवानगीला वेळ लागतो, म्हणून मे अखेरीची वाट न पाहता जानेवारी-फेब्रुवारीतच कळवा.

कळवताना तीन फोटो पाठवा : पूर्ण झाड, बुंधा जमिनीला मिळतो ती जागा आणि ज्या फांदीची भीती वाटते ती. बुंध्याला कोबा किंवा पेव्हर ब्लॉक भिडले असतील तर तेही दिसू द्या. ते फोडून आळं मोकळं करायचं काम आम्ही त्याच फेरीत करतो.