आजी आयर्लंडची असेल तर नागरिकत्व कसं मिळतं?

आमच्या घरात दोन मुलं. आई-बाप तेच, आजी-पणजी त्याच, पण धाकट्याला आयरिश पासपोर्ट मिळू शकतो आणि थोरलीला नाही. कारण एवढंच, की नवऱ्याची आयरिश नागरिक म्हणून नोंदणी दोघांच्या जन्मांच्या मध्ये झाली. इंग्लंडात स्थायिक झालेल्या, आयरिश घरात लग्न केलेल्या मराठी ओळखीच्यांना मी म्हणूनच सांगते, की पाळणा हलायच्या आधी हा अर्ज करा.

पिढ्यांचा हिशेब असा. नवऱ्याची आजी आयर्लंडमधल्या काउंटी मेयोची, १९५० च्या दशकात कामासाठी मँचेस्टरला आलेली. तिची मुलगी, म्हणजे माझ्या सासूबाई, इंग्लंडात जन्मल्या. पण आईचा जन्म आयर्लंडचा, त्यामुळे त्या जन्मापासूनच आयरिश नागरिक. त्यांना नोंदणी लागत नाही, थेट पासपोर्टचा अर्ज करता येतो. तिसऱ्या पिढीला, म्हणजे नवऱ्याला, मात्र डब्लिनच्या परराष्ट्र खात्याच्या ‘फॉरेन बर्थ्स रजिस्टर’मध्ये, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांच्या नोंदवहीत, नाव घालावं लागतं. त्याचं नागरिकत्व नोंदणीच्या तारखेपासून सुरू होतं, जन्मापासून नाही. चौथ्या पिढीतल्या मुलाच्या जन्माच्या दिवशी बाप नोंदलेला असेल तरच त्या मुलाला अर्ज करता येतो. ‘पणजी आयरिश होती’ एवढ्यावर काही मिळत नाही. उत्तर आयर्लंडमधला जन्मही चालतो, नियम अख्ख्या बेटाला लागू आहे.

अर्ज ऑनलाइन भरायचा, छापायचा, साक्षीदारासमोर सही करायची आणि मूळ कागदांसह टपालाने पाठवायचा. शुल्क प्रौढांना २७८ युरो, अठराच्या आतल्यांना १५३. वर्षभर धरून चाला. एक जरी कागद कमी पडला तरी काम आणखी लांबतं.

कागद तीन पिढ्यांचे लागतात. अर्जदाराचा जन्मदाखला, लग्न झालं असल्यास किंवा नाव बदललं असल्यास त्याचा दाखला, ओळखपत्राची प्रमाणित प्रत, पत्त्याचे दोन पुरावे, चार फोटो (त्यांतल्या दोनांवर साक्षीदाराची सही). आयरिश बाजूच्या आई किंवा वडिलांचे जन्म-विवाह दाखले आणि ओळखपत्राची प्रमाणित प्रत. आजी किंवा आजोबांचेही तसेच, हयात नसल्यास मृत्युदाखला. साक्षीदार डॉक्टर, वकील, मुख्याध्यापक अशा पेशातला, तुम्हाला ओळखणारा, पण नात्यातला नको. आमची गाडी अडली ती भलत्याच कागदावर. इंग्लंडात जन्मदाखल्याची एक छोटी आवृत्ती मिळते, तिच्यावर आई-बापांची नावंच नसतात. नवऱ्याच्या फाइलीत वर्षानुवर्षं तीच होती. ती चालत नाही, पूर्ण दाखला मागवावा लागतो.

खरी शोधाशोध आजीच्या दाखल्याची. आयर्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून आहे, तेव्हा दाखला बहुधा असतोच, फक्त सापडायला हवा. शंभर वर्षांपलीकडच्या जन्मनोंदी सरकारच्या आयरिश जीनिऑलॉजी या संकेतस्थळावर फुकट दिसतात. अधिकृत प्रत रॉसकॉमनच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून मागवायची. उत्तर आयर्लंडसाठी बेलफास्टचं वेगळं कार्यालय आहे. चर्चमधल्या बाप्तिस्म्याचा नुसता कागद पुरत नाही.

नावांनी घोळ होतो. जन्मदाखल्यावर ‘ब्रिजेट’, लग्नाच्या दाखल्यावर ‘डीलिया’, आणि घरात सगळे ‘बीडी’ म्हणायचे, अशी एकच बाई. आडनावापुढचा ‘ओ’ कधी असतो, कधी गळतो. जन्मठिकाण म्हणून गावाऐवजी टाउनलँड लिहिलेलं असतं, म्हणजे आपल्याकडची वाडीच म्हणा. आमच्या दाखल्यावरचं टाउनलँडचं नाव सासूबाईंनी कधी ऐकलंच नव्हतं, त्या आयुष्यभर जवळच्या बाजारगावाचं नाव सांगत आल्या. त्याहून मागे जायचं असेल तर १९०१ आणि १९११ ची जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराने ऑनलाइन फुकट ठेवली आहे. त्यातल्या वयांवर मात्र भरवसा ठेवू नका. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन मिळू लागलं आणि कित्येक म्हातारी माणसं दहा वर्षांत पंधरा वर्षांनी मोठी झाली!

थोरलीसारख्यांसाठी ‘आयरिश संबंधां’च्या आधारे नागरिकत्व मागण्याची वाट आहे, पण ते सर्वस्वी मंत्र्यांच्या मर्जीवर. हक्क म्हणून सांगता येत नाही.

नवरा किंवा बायको आयरिश झाल्याने जोडीदार आपोआप आयरिश होत नाही. त्यासाठी लग्नाला तीन वर्षं व्हावी लागतात आणि आयर्लंडच्या बेटावर राहावं लागतं, मँचेस्टरमधला मुक्काम मोजत नाहीत. शिवाय आयर्लंडला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याने दुसरं नागरिकत्व स्वीकारलं की भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट परत करावा लागतो आणि मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाचा अर्ज. माझा पासपोर्ट अजून निळाच आहे.