पैरा, ईर्षा आणि कोल्हापूरचं मतदान

२०१४ च्या लोकसभेला देशभर मोदी लाट होती, पण कोल्हापुरातून निवडून आले राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक. काँग्रेसच्या सतेज पाटलांनी जुनं वैर बाजूला ठेवून त्यांना मदत केली होती. पाचच महिन्यांनी विधानसभेला कोल्हापूर दक्षिणमध्ये भाजपच्या चिन्हावर उभे राहिले महाडिकांचेच चुलतभाऊ अमल, आणि त्यांनी सतेज पाटलांना पाडलं. शेतात एकमेकांच्या कामाला जाऊन श्रमाची परतफेड करतात तो पैरा. कोल्हापूरच्या राजकारणात हा शब्द रोज वापरला जातो, आणि इथे पैरा फिटला नव्हता. २०१९ ला 'आमचं ठरलंय' म्हणत सतेज पाटलांच्या गटाने आघाडीचे उमेदवार धनंजय महाडिक यांच्याऐवजी शिवसेनेच्या संजय मंडलिकांचं काम केलं. मंडलिक २ लाख ७० हजारांहून अधिक मतांनी जिंकले. त्याच वर्षी दक्षिणमध्ये सतेज पाटलांचे पुतणे ऋतुराज यांनी अमल महाडिकांना हरवलं. २०२४ ला अमल यांनी ती जागा परत घेतली.

बाहेरचा माणूस याला गोंधळ म्हणेल. इथे मात्र याचा हिशेब चहाच्या टपरीवरही तोंडपाठ असतो.

पक्षापेक्षा माणसाला मोजायची ही सवय जुनी आहे. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तेव्हा इथे काँग्रेसची मुळं पुण्या-मुंबईइतकी खोल नव्हती. शाहू महाराजांनी १९०२ मध्येच मागास वर्गांना ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. सत्यशोधक चळवळीच्या या मातीत शेतकरी कामगार पक्ष सहज रुजला. १९५७ ला, संयुक्त महाराष्ट्राच्या वातावरणात, शेकापचे भाऊसाहेब महागावकर खासदार झाले आणि १९७७ ला दाजीबा देसाई. मधल्या-पुढच्या काळात काँग्रेस होतीच. १९८० पासून उदयसिंगराव गायकवाड सलग पाच वेळा निवडून आले. पण २००९ ला राष्ट्रवादीने तिकीट नाकारल्यावर सदाशिवराव मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि जिंकले, तेव्हा इथल्या कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

शहरात या सवयीला संस्थात्मक रूप दिलं ते महापालिकेने. पालिका १९७२ ची, पण तिथलं राजकारण बरीच वर्षं चिन्हाविना चाललं. अमल यांचे वडील महादेवराव महाडिकांची ताराराणी आघाडी म्हणजे कोणत्याही पक्षाचे नगरसेवक सामावणारी छत्री. प्रभागात उमेदवार पेठेचा, तालमीचा, मंडळाचा असायचा. निवडून आला की आघाडीचा व्हायचा. राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ आणि जनसुराज्यचे विनय कोरे यांनी २००५ मध्ये पक्षाच्या नावावर ही सत्ता मोडून काढली खरी, पण नगरसेवक घडण्याची रीत फारशी बदलली नाही. २०१५ ला ८१ प्रभागांत काँग्रेसला २७, ताराराणीला १९, राष्ट्रवादीला १५ जागा मिळाल्या. भाजपला १३ आणि शिवसेनेला ४. काँग्रेस-राष्ट्रवादीने सत्ता केली आणि पाच वर्षांत शहराने आठ महापौर पाहिले. स्थानिक वर्तमानपत्रं याला 'पदाची खांडोळी' म्हणतात. शब्द नेमका आहे.

२०१५ च्याच अखेरीस विधान परिषदेची स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक झाली आणि १८ वर्षं आमदार असलेले महादेवराव महाडिक सतेज पाटलांकडून हरले. २०२१ ला 'गोकुळ' या जिल्हा दूध संघाची सत्ताही महाडिकांच्या हातून गेली. दूध संघ आणि साखर कारखाना यांच्या निवडणुका शहराबाहेरच्या वाटतात, पण गटाची रसद तिथूनच येते. त्यामुळे दुधाच्या निवडणुकीचा निकाल शहरातल्या पेठांतही तितक्याच ईर्षेने ऐकला जातो.

या सगळ्यात मुद्दे कुठे असतात? असतात, आणि कधीकधी गटांनाही बाजूला सारतात. रस्ते प्रकल्पाचा टोल हे ठळक उदाहरण. एन. डी. पाटलांच्या नेतृत्वाखाली सगळ्या रंगांचे लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी २०१४ मध्ये नाके जळाले, आणि त्या वर्षीच्या विधानसभेत जिल्ह्यातल्या १० जागांपैकी सत्ताधारी काँग्रेसला एकही मिळाली नाही. शिवसेनेला ६ मिळाल्या. सगळं टोलमुळे झालं असं म्हणणं धाडसाचं होईल, पण शहरात तरी त्याचा राग होता. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला.

हद्दवाढीचं मात्र उलट आहे. महापालिका झाल्यापासून हद्द वाढलेली नाही; ६६.८२ चौरस किलोमीटरमध्ये २०११ ला साडेपाच लाख लोक राहत होते. लगतच्या गावांना घरफाळा वाढण्याची आणि ग्रामपंचायत जाण्याची धास्ती आहे. दक्षिण मतदारसंघात शहराचा काही भाग आणि लगतची गावं असल्याने तिथला कुठलाच नेता मोकळेपणाने बोलत नाही. शहरातल्या सभेत एक सूर आणि गावातल्या सभेत दुसरा, हे दोन्ही गटांनी केलं आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचं राज्य राहिलं. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं ते नव्या रचनेत: २० प्रभाग, १९ मध्ये चार-चार नगरसेवक आणि एकात पाच. पूर्वी सरासरी पावणेसात हजार वस्तीत तालमीच्या जोरावर निभायचं, आता तीन-चार पेठा-कॉलन्या एका प्रभागात. एका मताऐवजी चार मतं हातात आली, म्हणून एक गल्लीतल्या माणसाला आणि उरलेली कुणाच्या शब्दावर द्यायची याच्या जोडण्या मतदानाच्या आदल्या रात्रीपर्यंत चालल्या नसत्या तरच आश्चर्य.