लिक्विड सोप आणि क्लेन्झर: नाजूक त्वचेसाठी घरी यांतलं काय बनवायचं?

पंपाच्या बाटलीत भरून शेजारी शेजारी ठेवले, तर हे दोन्ही ओळखू येत नाहीत. दोन्ही पातळ, दोन्हींना फेस. त्यामुळे घरी सौम्य फेसवॉश करायला निघालेले कितीतरी जण खरं तर साबण करून बसतात. मग तोंड धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी झाली, की तेल बदलून पाहतात. खोबरेलाऐवजी ऑलिव्ह, ऑलिव्हऐवजी बदाम. ताण काही पूर्ण जात नाही, कारण त्याचं मूळ तेलाच्या निवडीपेक्षा खोल आहे.

साबण म्हणजे तेलातल्या मेदाम्लांचा क्षार. वडीच्या साबणासाठी सोडियम हायड्रॉक्साइड लागतं, द्रव साबणासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइड. प्रक्रिया नीट पूर्ण झाली की मोकळा अल्कली (न वापरलं गेलेलं हायड्रॉक्साइड) उरत नाही, ग्लिसरीन मात्र उरतं. तरीही साबणाच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ९ ते १० च्या आसपासच राहतो. त्यात बनवणाऱ्याची चूक नसते, साबणाचा धर्मच तो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग साधारण ४.५ ते ५.५ इतका आम्लधर्मी असतो. सामूची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, म्हणून ५ आणि ९ यांत दहा हजार पटींचं अंतर पडतं. शाडे आणि मार्किओनिनी या संशोधकांनी १९२८ साली त्वचेवरच्या या आम्लधर्मी थराला ‘आम्ल-आवरण’ असं नाव दिलं. त्वचेतले सिरॅमाइड, म्हणजे ओलावा धरून ठेवणारे मेद, तयार करणारे एन्झाइम आम्लधर्मी वातावरणातच चांगलं काम करतात. सामू वर गेला की उलट पेशींमधले बंध तोडणारे एन्झाइम जोर धरतात. धडधाकट त्वचा काही तासांत पूर्ववत होते. एक्झिमा (खाज आणणारा इसब) किंवा रोझेशिया (चेहरा लाल करणारा विकार) असलेल्या त्वचेला तेवढा अवधी मिळण्याआधीच पुढची धुण्याची वेळ येते.

मग साबणातच थोडं आम्ल घालून सामू का उतरवू नये? वाटीभर द्रव साबणात सायट्रिक आम्लाचं पाणी थेंबथेंब सोडून पाहा. आधी दुधाळ रंग येईल, मग वर तेलकट तवंग धरेल. आम्लामुळे साबणाची पुन्हा मेदाम्लं होतात, आणि मेदाम्लांनी मळ धुतला जात नाही. ‘साडेपाच सामूचा कॅस्टाइल साबण’ (ऑलिव्ह तेलाचा साबण) ही पाककृती कुठे दिसली तर तिच्या मागे लागू नका. साबण सौम्य व्हावा म्हणून जादा तेल घालण्याचा उपायही द्रव साबणात फारसा चालत नाही. वडीत ते धरून ठेवलं जातं, बाटलीत वर तरंगतं. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा चिकट साका होतो, तो आणखी वेगळा त्रास.

क्लेन्झरमध्ये मेदाम्लाचा क्षार नसतोच. त्यात साबणाव्यतिरिक्तचे सरफॅक्टंट, म्हणजे तेल-मळ पाण्यात सोडवणारे घटक, असतात: डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, कोकॅमिडोप्रोपिल बीटेन. सामू ५ ला आणला तरी ते फाटत नाहीत. यासाठीच नाजूक चेहऱ्याला मी बिनदिक्कत क्लेन्झर सुचवते. ‘साबण नैसर्गिक, हे केमिकल’ हा आक्षेप मला पटत नाही, कारण कॉस्टिक पोटॅश, म्हणजे द्रव साबणातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हेही केमिकलच आहे, आणि हातावर उडालं तर भाजणारं.

पण सगळे सरफॅक्टंट सौम्य नसतात. सोडियम लॉरिल सल्फेट तर त्वचेचा दाह मोजणाऱ्या चाचण्यांत मुद्दाम दाहक म्हणून वापरतात. म्हणून सौम्य तेच निवडा, आणि एकाऐवजी दोन घ्या: दोन सरफॅक्टंट एकत्र केले की त्यांचे मिश्र पुंजके बनतात, सुटे रेणू कमी उरतात आणि त्वचेला त्रासही कमी होतो.

शंभर ग्रॅमसाठी सुरुवातीचं माप असं ठेवता येईल. ५ ग्रॅम ग्लिसरीनमध्ये ०.७ ग्रॅम झॅन्थन गम ही दाटपणा आणणारी पूड कालवा (थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात), मग सुमारे ७३ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी हळूहळू घाला. जेल जमलं की १० ग्रॅम डेसिल ग्लुकोसाइड आणि १० ग्रॅम कोकॅमिडोप्रोपिल बीटेन घालून फेस न होऊ देता ढवळा. पहिल्यात साधारण निम्मा आणि दुसऱ्यात तीस टक्के सक्रिय भाग असतो, म्हणजे एकूण ८ टक्के. चेहऱ्याला तेवढं पुरतं. शेवटी फिनॉक्सिएथेनॉलवर आधारलेलं प्रिझर्व्हेटिव्ह १ ग्रॅम.

आता सगळ्यांत जास्त विसरली जाणारी पायरी. डेसिल ग्लुकोसाइड मुळात ११ च्या वर सामू असलेला असतो. सायट्रिक आम्ल घालून, पीएच पट्टीवर मोजत मिश्रणाचा सामू ५ ते ५.५ वर आणला नाही, तर तुमचा ‘सौम्य’ क्लेन्झर साबणापेक्षाही कडक ठरेल. अंदाजाने घालू नका, मोजा.

प्रिझर्व्हेटिव्ह वगळण्याचा मोहही आवरा. मिश्रणात तीन चतुर्थांश पाणी आहे. त्यात जंतू वाढले तरी बाटली कित्येक दिवस दिसायला स्वच्छच राहते. सुगंधी तेलं मात्र खुशाल वगळा. त्यांतले लिनालूल आणि लिमोनीन हवेशी संयोग पावले की ॲलर्जीला कारण होतात.

ॲलर्जी मात्र सौम्य घटकांचीही होते. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००४ मध्ये बीटेनला आणि २०१७ मध्ये ग्लुकोसाइडना ‘वर्षातील ॲलर्जन’ (ॲलर्जी आणणारा घटक) म्हणून निवडलं होतं. बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही, तरी तुमची त्वचा त्या थोड्यांतली असू शकते. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा, नेहमी तोंड धुता तेवढ्या वेळाने धुऊन टाका, आणि असं आठवडाभर रोज करून मगच ते चेहऱ्याकडे न्या.