गोब्रा पाळायचा, तर आधी अमोनियाचा हिशेब

पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, डोकं किंचित खाली, पर पंख्यासारखे हलताहेत. दुकानातलं पँथर ग्रूपरचं बोटभर पिल्लू पाहून कुणीही भुलेल. आपल्या मासळीबाजारातल्या गोब्र्याचा हा भाऊबंद. ‘टँक जेवढा, तेवढाच मासा वाढतो’ हे सर्रास ऐकू येतं. ते खोटं आहे. हा मासा ७० सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि अडचणीच्या जागेत त्याची वाढ खुंटली तर ते आजारपण असतं.

पण जागेहून मोठा प्रश्न पाण्याचा. शिकारी मासा प्रथिनांवर जगतो आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. १०० ग्रॅम मासळी खाऊ घातली, की साधारण २० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ३ ग्रॅमहून जास्त नायट्रोजन टँकमध्ये आला. आपण त्याचा युरिया करून लघवीवाटे टाकतो. मासा तो बहुतांशी अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतो. त्यातला २ ग्रॅम जरी ५०० लिटर पाण्यात उतरला, तरी लिटरमागे ४ मिलिग्रॅम झाला.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत राहतो. विद्युतभार असलेला अमोनियम त्या मानाने निरुपद्रवी. भार नसलेला अमोनिया मात्र कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहज रक्तात शिरतो. कुठलं रूप किती, हे मुख्यतः पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क याचं माप, ठरवतो. पीएच १ ने चढला, की विषारी रूप जवळजवळ १० पट होतं. पीएच ७ च्या गोड्या पाण्यात ते जेमतेम अर्धा टक्का असतं, समुद्राच्या ८.२ ला सुमारे ७ टक्के. गोल्डफिशने निभावून नेलेली चूक गोब्र्याला म्हणूनच मारते.

वाचवतात ते वाळूत, खडकांवर, फिल्टरमध्ये वस्ती करणारे सूक्ष्मजीव. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं त्याहून बरंच कमी घातक नायट्रेट. २००५ साली जाहीर झालेला नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा अमोनियावर जगणारा आर्किया (जीवाणूंसारखाच, पण वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव) अमेरिकेतल्या सिएटलच्या मत्स्यालयातल्या टँकमध्येच सापडला होता! त्याचे नातलग खुल्या समुद्रात अफाट संख्येने आहेत. घरच्या टँकमध्ये ही वस्ती जमायला बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासा आणू नये.

मासा मेला, की ‘घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं’ म्हणतात आणि त्याच पाण्यात दुसरा सोडतात. याचा मला मनापासून राग येतो. त्याआधी चाचणीच्या नळीत टँकचं ५ मिलिलिटर पाणी घ्या, रसायनाचे थेंब टाका आणि थोडं थांबा. या चाचणीत अमोनिया नसेल तर पाणी पिवळं राहतं. असेल तर हिरवं होतं.