शुक्राणू निवडण्याच्या प्रयोगशालेय पद्धती : पार्श्वभूमी

कृत्रिम गर्भधारणेसाठी चांगले शुक्राणू वेगळे काढण्याच्या स्विम-अप आणि डेन्सिटी ग्रेडियंट या दोन जुन्या पद्धती आजही बहुतेक प्रयोगशाळांत रोज वापरल्या जातात. पहिलीत शुक्राणूंची पोहण्याची क्षमता कामी येते, तर दुसरीत, म्हणजे कमी-जास्त घनतेच्या द्रावणाच्या थरांतून (ग्रेडियंट) वेगळे करताना, त्यांची घनता. ग्रेडियंटसाठी वर्षानुवर्षे वापरलेले पर्कोल हे द्रावण केवळ संशोधनासाठी असल्याचे उत्पादकाने १९९६ मध्ये कळवले आणि त्याची जागा सिलेनचा लेप दिलेल्या सिलिकाने घेतली.

१९९२ मध्ये बेल्जियममधून इक्सीने, म्हणजे एकच शुक्राणू बीजांडात टोचून, झालेल्या पहिल्या गर्भधारणांचे वृत्त आले आणि निवडीचा प्रश्नच बदलला. तोवर शुक्राणूला बीजांडाभोवतीची आवरणे स्वतः भेदावी लागत. आता तो सुईने थेट आत सोडला जाऊ लागला आणि निवड भ्रूणतज्ज्ञाच्या नजरेवर आली. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या शुक्राणूचा डीएनए तुटलेला असू शकतो, ही अडचण पुढच्या सर्व पद्धतींच्या मुळाशी आहे. सहा हजार पटींहून अधिक मोठे करून शुक्राणूच्या डोक्यातील पोकळ्या तपासणारी इम्सी या शतकाच्या आरंभी आली. अॅनेक्सिन लावलेल्या चुंबकीय कणांनी मरणपंथाला लागलेले शुक्राणू बाजूला काढणारी मॅक्स पद्धत आणि सेंट्रिफ्यूज (नमुना वेगाने फिरवणारे यंत्र) टाळणाऱ्या सूक्ष्मवाहिन्यांच्या चिपही वापरात आल्या.

सर्वाधिक वाद झाला तो पिक्सी या इक्सीच्याच एका प्रकारावर. परिपक्व शुक्राणू बीजांडाभोवतीच्या हायलुरोनन या पदार्थाला चिकटतो, या गुणावर ती आधारलेली आहे. ब्रिटनमधील १६ केंद्रांत २,७७२ जोडप्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण दिवसांच्या जिवंत जन्माचे प्रमाण पिक्सी गटात २७.४ टक्के आणि नेहमीच्या इक्सी गटात २५.२ टक्के होते. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच होता. गर्भपाताचे प्रमाण मात्र ७ टक्क्यांवरून ४.३ टक्क्यांवर आले आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला. मुख्य निकष जिवंत जन्म हाच आधी ठरलेला असल्यामुळे चाचणी अपयशी मानली गेली आणि नियमित वापराची शिफारस झाली नाही. शिस्त म्हणून हे योग्यच होते, कारण निकाल पाहून निकष बदलता येत नाही. तरीही वारंवार गर्भपात सोसलेल्या जोडप्याला दुय्यम ठरवलेला हा आकडा दुय्यम वाटणार नाही, आणि नेमका अशाच जोडप्यांवर, पुरेशा संख्येने, तो पुन्हा तपासायला हवा होता. उलट अनेक दवाखान्यांच्या जाहिरातींत गर्भपाताचा आकडा ठळकपणे येतो आणि जन्माचा गाळला जातो.

२०२१ मध्ये वीर्य तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेच्या सहाव्या आवृत्तीने डीएनए विखंडनाची, म्हणजे डीएनए किती तुटला आहे याची, चाचणी विस्तारित तपासण्यांत घेतली; किती विखंडन जास्त मानायचे ही मर्यादा मात्र प्रत्येक प्रयोगशाळेने आपापली ठरवायची आहे. त्यामुळे ‘विखंडन कमी झाले’ असा दावा करणाऱ्या दोन पद्धतींची तुलना करताना, दोन्ही दाव्यांमागे एकच चाचणी आहे का, हे आधी पाहावे लागते.