टाकी छोटी ठेवली म्हणून टँग छोटा राहत नाही

‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो’ हे वाक्य खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्यांत वर्षानुवर्षे फिरते आहे. ते खोटे आहे. विकत घेताना बोटाएवढा असलेला निळा टँग हा सागरी मासा पूर्ण वाढल्यावर सुमारे ३० सेंटीमीटरचा होतो. पिवळा टँग २० पर्यंत जातो.

अरुंद टाकीत काही माशांची वाढ खुंटते खरी, आणि समज तिथूनच पसरला असावा. पण ते जुळवून घेणे नव्हे. साचलेले नायट्रेट (माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात साठणारा क्षार), ताण आणि अपुरा आहार यांनी मासा खंगत असतो. टँग म्हणजे प्रवाळखडकांवर दिवसभर शेवाळ खुडत लांबवर पोहणारा मासा. जागा कमी पडली की तो काचेलगत येरझाऱ्या घालतो, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला चटकन जडतो, आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या धारदार काट्याने तो दुसऱ्या टँगला ओरबाडतो. (टाकीत हात घालणाऱ्यालाही!)

म्हणून लिटरांइतकीच टाकीची लांबी पाहा: पिवळ्यासाठी निदान १२० सेंटीमीटर, निळ्यासाठी १८०. ‘मोठा झाला की टाकी बदलू’ हा बेतही फसवा. खडकांत दडलेला टँग पकडायचा तर बहुतेकदा सगळी मांडणी उपसावी लागते.